गळ, वल्हे आणि कर्लीची खाडी

मासे खाणाऱ्यांच्या घरात जन्म झाला खरा; पण मासा पाण्यातून ताटात कसा येतो, याची चौकशी करण्याचे कारण मला साठीपर्यंत पडले नव्हते. गिरगावात आमच्याकडे तो कोळणीच्या पाटीतून येत असे, आणि तिच्याशी घासाघीस करणे एवढाच काय तो आमच्या घराण्याचा मत्स्यव्यवसायाशी संबंध. तेही खाते आईकडे होते.

पुढे नोकरी संपली, आणि सकाळी नऊ वाजता कुठेच जायचे नाही या गोष्टीचा मला दोनच महिन्यांत कंटाळा आला. तेव्हा पुण्याच्या पुतण्याने आपल्या मोबाइलवर मला एक चित्रफीत दाखविली. केळ्याच्या आकाराची एक पिवळी होडी, तिच्यावर पाय पसरून बसलेला एक गृहस्थ, मांडीवर दोन तोंडांचे वल्हे आणि हातात गळाची काठी. इंजिन नाही, खलाशी नाही, गलका नाही. मासा लागला तसा तो त्या गृहस्थाला होडीसकट ओढीत घेऊन चालला! "काका, याला कयाक म्हणतात. तुम्हांला जमेल," पुतण्या म्हणाला. आमच्या सौभाग्यवतींनी मागून एवढेच विचारले, "पोहता येतं का अजून?" तो प्रश्न मला त्या वेळी खवचट वाटला होता. वस्तुतः या साऱ्या उद्योगात विचारण्यासारखा पहिला प्रश्न तोच आहे.

ही कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. ज्या किनाऱ्यांवर झाड उगवत नाही, तिथे समुद्रातून वाहत आलेली लाकडे आणि हाडे जोडून सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे. शिंप्याने कोट बेतावा तशी ती ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापाने बेतलेली असे. शिकारी कमरेपर्यंत आत शिरून बसे आणि तोंडाशी कातडे घट्ट आवळून घेई. म्हणजे होडी उलटली तरी आत पाणी शिरू नये, आणि वल्ह्याच्या एका फटक्यासरशी ती सुलटी करता यावी. त्या पाण्यात बाहेर पडणे म्हणजे काही मिनिटांत गारठून मरणे. आपल्याकडचे पाणी बापडे कोमट. म्हणून आपल्या उपयोगाची ती दुसरी जात, जिच्या आत शिरायचे नसते, पाटावर बसावे तसे वर बसायचे असते. ही जात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेच्या उबदार किनाऱ्यांवर पुढे आली आणि प्लॅस्टिकच्या साच्यांतून जगभर पसरली. १९९७ साली हॉबी नावाच्या कंपनीने तिला पायटे बसविली, तेव्हा मासे धरणाऱ्यांचे दोन्ही हात मोकळे झाले. पण पायट्यांची होडी दुपटीने महाग आणि वजनाला भारी. शिकाऊ माणसाने वल्ह्यापासूनच सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्याची नाडी तळहाताला लागते, पायाच्या अंगठ्याला लागत नाही.

जागा निवडायला आम्हांला फार विचार करावा लागला नाही. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि तिच्या खाली देवबाग. देवबाग म्हणजे माडांची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, आणि मध्ये घरे, अंगणे, वाळत घातलेली जाळी. सह्याद्रीवरून निघालेली कर्ली कुडाळावरून येऊन येथे समुद्राला भेटायच्या आधी किनाऱ्याशी समांतर वाहते आणि पट्टीच्या दक्षिण टोकाला भोगव्याच्या समोर समुद्रात शिरते. त्या टोकाला गावकरी संगम म्हणतात. समुद्र ही पट्टी पश्चिमेकडून कुरतडतो आहे. तो अडवायला दगडी बंधारे घातलेले आहेत, आणि भर पावसात तिथल्या माणसांना झोप कशी लागत असेल, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

फोंडा घाट उतरून कणकवली, मग कसाल, मग मालवण असे आम्ही गेलो. मोटारीच्या टपावर ती पिवळी होडी बांधलेली. वाटेत चहाच्या टपरीवर प्रत्येक वेळी चार माणसे जमत आणि "ही मोडली की आधीपासूनच अशी?" असे विचारीत.

देवबागेत ज्यांच्या घरी उतरलो, त्यांचे वडील हे आमचे गुरू झाले. वय सत्तरीच्या पुढे, जातीचे गाबीत, उभा जन्म खाडीत आणि दर्यात गेलेला. सगळे त्यांना काका म्हणत, तेव्हा मीही काकाच म्हणू लागलो. त्यांच्यापाशी एक पगार होती. नोकरदार वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मालवणी मुलखात लहान, अरुंद होडीला पगार म्हणतात. काकांनी आमच्या कयाकीला एक प्रदक्षिणा घातली. बैठकीखाली आरपार पाडलेली भोके पाहून ते थबकले.

"हो बुराक कित्याक?"

पुतण्याने समजावून सांगितले, की वर आलेले पाणी त्यांतून आपोआप खाली निथळते. होडीचे पोट बंद आणि पोकळ आहे, त्यामुळे ती बुडत नाही. काकांनी सगळे ऐकून घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "होडी बुडाची नाय. तुमचा काय?"

तर आता सामानाविषयी. या बाबतीत दुकानदार आणि अनुभवी माणूस यांच्या याद्या एकमेकींच्या उलट्या असतात. दुकानदार काठी, रीळ आणि रंगीबेरंगी खोट्या माशांपासून सुरुवात करतो. यादी खरी सुरू व्हायला हवी ती तरंगणाऱ्या जाकिटापासून. ते होडीत ठेवायचे नसते, अंगात घालायचे असते, आणि पट्टे आवळून घालायचे असते. कुणी खांद्याला धरून वर ओढले तर ते कानापर्यंत येता कामा नये. उकडते, हे खरे. पण २०२२ च्या मे महिन्यात याच तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची एक बोट उलटली आणि दोन माणसे गेली, ही गोष्ट तिथल्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. जाकिटाला एक शिटी बांधलेली असावी; ओरडून घसा बसतो, शिटी बसत नाही. आणि छातीशी, एका हाताने निघेल असा, एक बोथट टोकाचा धारदार चाकू.

मग होडी. साधारण १० ते १२ फूट लांब आणि ३० ते ३४ इंच रुंद घ्यावी. लांब असेल ती सरळ आणि वेगाने जाते, रुंद असेल ती कमी डुलते. शिकाऊ माणसाने थोडा वेग सोडून रुंदी घ्यावी. वजन २५ ते ३५ किलो भरते. ती उचलून मोटारीवर चढविणे हा या छंदातला खरा व्यायाम आहे, आणि तो कुठल्याही चित्रफितीत दाखवीत नाहीत. वल्हे २३०-२४० सेंटिमीटरचे, जमेल तितके हलके. कारण एका सकाळी ते हजारो वेळा उचलायचे असते. आणखी एक नियम: जे जे हातातून सुटू शकते, ते ते दोरीने होडीला बांधलेले असावे. वल्हे, काठी, पक्कड, पाण्याची बाटली, सगळे. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि तो मात्र अंगावर. होडी वाहून गेली तर तिच्याबरोबर मोबाइल गेल्याने कुणाचे भले होणार?

मासे धरण्याचे सामान त्यानंतर. साडेसहा-सात फुटांची मध्यम जोराची काठी, ३००० किंवा ४००० नंबरचे रीळ, त्यावर २०-३० पौंड ताकदीचा विणलेला दोरा, आणि त्याच्या टोकाला हातभर ४० पौंडी जाड तंगूस. हे शेवटचे प्रकरण चोणकासाठी. त्याच्या कल्ल्यावरचे झाकण पात्यासारखे धारदार असते. बारीक दोरा त्याला लागला की मासाही गेला आणि गळही गेला. तोंडातून गळ सोडवायला लांब पक्कड आणि मासा धरायला चिमटा हवाच, कारण होडीत माशाचे तोंड आणि आपली मांडी यांत वीतभरही अंतर नसते. आमिषासाठी आम्ही रबरी कोळंब्या नेल्या होत्या. काकांनी त्या हातात घेऊन वास घेतला आणि काही न बोलता परत दिल्या. त्यांची गरी म्हणजे हातात गुंडाळलेला दोरा, शिशाचा तुकडा, एक गळ आणि त्याला टोचलेले जिवंत सुंगट. गरवणे हा मालवणीतला शब्द मला तिथे प्रथम कळला, आणि 'अँगलिंग' म्हणण्याची हौस तिथेच संपली.

पहिल्या दिवशी मासे धरायला कुणी नेलेच नाही. छातीभर पाण्यात नेऊन काकांनी आणि पुतण्याने मला सांगितले, "आता उलटा." ही तालीम ज्याने केली नाही त्याने खाडीत पाऊल टाकू नये. कयाक पालथी झाली की आधी ती सुलटी करायची. मग तिच्या मध्याशी येऊन दोन्ही हात पलीकडच्या कडेवर टाकायचे, पाय मागे पृष्ठभागावर आणून बेडकासारखे मारायचे आणि पोटावर आडवे चढायचे. मग कूस बदलून बूड बैठकीत आणायचे आणि शेवटी पाय आत घ्यायचे. पोट, बूड, पाय, असा तो मंत्र आहे. घाईने गुडघा टाकला की होडी पुन्हा उलटते. देवबागच्या शाळकरी पोरांना त्या दुपारी फुकट करमणूक झाली. अकराव्या खेपेला मी कुणाच्याही मदतीशिवाय वर चढलो, तेव्हा काठावरून टाळ्या पडल्या. चाळीस वर्षांच्या नोकरीत मला कधी टाळ्या पडल्या नव्हत्या, निरोपसमारंभ धरून.

दुसरा दिवस पाण्याचा. भरतीचे गणित आपल्याकडे पूर्वीपासून तोंडपाठ आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईचा. मालवणाकडे पाणी त्याआधीच भरते. ढोबळ आहे, छापील कोष्टक जवळ असावेच. पण पंचांग पाहणाऱ्या माणसाला तो बोटांवर करता येतो याची मौज आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी कमी चढते, कमी उतरते, आणि शिकाऊ माणसाला शांतपणे वल्हवू देते. शिवाय सहा तासांची ओहोटी सारख्या जोराने वाहत नाही. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलते, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वांत जास्त धावते, आणि शेवटी पुन्हा मंदावते. त्यात वाऱ्याची भर. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, पाणी आरशासारखे असते. दहा-अकराला तो पडतो आणि समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. ओहोटीचे पाणी बाहेर निघालेले आणि वारा समोरून आत येणारा, असे संगमावर झाले की लाटा जागच्या जागी उभ्या राहतात. शिकाऊ माणूस तासाला चारेक किलोमीटर वल्हवतो. उधाणाच्या ओहोटीने मनावर घेतले तर त्याचे वल्हवणे आणि जागेवर बसणे यांत फारसा फरक उरत नाही.

काकांनी हे सगळे एका वाक्यात सांगितले होते. "मासो खय असा ता मागीर. पाणी खय जाता ता आधी बघा."

चौथ्या दिवशी त्रयोदशी होती, अमावास्या दोन दिवसांवर. नऊच्या सुमारास भरती पुरी व्हायची होती. बेत असा, की उजाडताना चढत्या पाण्याबरोबर वर कोरजाईच्या बाजूने जायचे, आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर गरवीत गरवीत घरी यायचे. काका आपल्या पगारीतून पुढे, मी मागे. धुके पाण्यावर विरळ झाले होते. कांदळवनाच्या मुळांवर बगळे उभे होते आणि मुळांना चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपा उघड्या पडलेल्या दिसत होत्या. त्या जागी अनवाणी उतरू नये, जाड तळाचे बूट घालावे. कयाकीचा मोठेपणा तिथे कळतो. वितीभर पाण्यात ती जाते आणि आवाज करीत नाही. बगळा मान वळवून पाहतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो.

दहापर्यंत मला दोन काळुंदरे आणि एक शेंगटी मिळाली. शेंगटीचा काटा विषारी. ती चिमट्यानेच हाताळावी. पाणी उतरू लागले तसे काकांनी कांदळातून येणाऱ्या एका लहान वहाळाच्या तोंडाकडे बोट केले. ओहोटीबरोबर वहाळातले बारीक मासे आणि सुंगटे बाहेर येतात आणि चोणक तोंडाशी दबा धरून बसतो. रायगडात जिताडा म्हणतात तोच हा. याची एक गंमत आहे: हा मासा बहुधा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठे धूड ती अंडी घालणारी मादीच असायची.

मी काकांकडून घेतलेले जिवंत सुंगट टाकले. तिसऱ्या खेपेला दोरा थरथरला नाही, हलला नाही, एकदम गेला. रीळ कर्र करीत ओरडू लागले. वीस हातांवर पाणी फुटले आणि एक रुपेरी कूस, माझ्या हाताएवढी लांब, पूर्ण पाण्याबाहेर आली आणि मान झटकून आदळली. माझ्या छातीत काय झाले ते मी सांगत नाही. वैद्यांनी त्या वयाच्या माणसाला जे टाळायला सांगितलेले असते ते सगळे झाले. मासा प्रवाहाच्या दिशेने निघाला आणि कयाकीचे तोंड वळवून मला घेऊन चालला. चित्रफितीत होते अगदी तस्से!

पाच मिनिटे गेली असतील, कदाचित दहा. उजवीकडे देवबागचे माड सरकत होते. आमची उतरण्याची जागा आली, काठावर वाळत घातलेले निळे जाळे दिसले, आणि मागेही पडले. वारा फिरलेला होता. तोंडावर खारा शिंतोडा आला. पुढे संगमाजवळ पांढरी रेघ दिसत होती. मागून काकांची हाक आली.

"कापा!"

दोन्ही हात काठीवर होते. वल्हे दोरीने बाजूला तरंगत होते. मासा थकत चालला होता, हे मला हाताला कळत होते. आणखी थोडा वेळ, एवढेच वाटत होते. पुन्हा हाक आली, आणि या वेळी तिच्यात आर्जव नव्हते. मी चाकू काढला आणि ताणलेल्या दोऱ्याला टेकविला. टेकविणे पुरले. काठी सरळ झाली, होडी हलकी झाली, आणि पाणी नुसतेच वाहू लागले.

तिथून काठाला लागायला मला पाऊण तास लागला. सरळ उलटे वल्हवायचे नसते. प्रवाह आडवा कापीत कडेच्या मंद पाण्यात जायचे आणि मग काठाकाठाने वर यायचे. काका माझ्या आणि संगमाच्या मध्ये आपली पगार ठेवून चालले होते, हे माझ्या नंतर लक्षात आले. किती मोठा होता, असे मी विचारले. ते म्हणाले, "मोठी व्हती. जावंदे, पावसात अंडी घालतली."

त्या रात्री काळुंदरांचे तिखले झाले. शेंगटी शेजारी गेली.

दोन-तीन रीतिभाती सांगायला हव्यात. कोळ्यांच्या जाळ्याचे बोये दिसले की लांबून वळसा घालावा; आपला छंद आहे, त्यांचे पोट आहे, आणि त्यांच्या जाळ्यात आपला गळ अडकला तर शिव्या खाणे हा न्याय आहे. मालवणच्या किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या हद्दी विचारल्याशिवाय गळ टाकू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. कयाकीला यंत्र नाही, हा युक्तिवाद कुणी करू नये. त्या दिवसांत समुद्रच बंदी घालतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ती पाळण्यात शहाणपण आहे. एकट्याने जाऊ नये. कुठे चाललो आणि किती वाजता येणार, हे काठावरच्या माणसाला सांगून जावे. सांगितलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की ते माणूस आपल्याला शोधायला निघेल, असे माणूस निवडावे. प्रवाहात नांगर टाकायचाच तर होडीच्या टोकाशी बांधावा, बगलेला कधीही नाही. बगलेला बांधलेला नांगर होडी पालथी करतो.

निघायच्या दिवशी सामान बांधताना कयाक दिसेना. पुतण्याला वाटले त्याचे सासर गेले! घरातली सूनबाई हसत खाडीकडे बोट दाखवीत होती. काका पहाटेच ती घेऊन गेले होते. भांगाकडे झुकलेले संथ पाणी, त्यावर पिवळी होडी, आणि तिच्यावर मांडी घालून बसलेले काका. अंगात माझे नारिंगी जाकीट, हातात त्यांची ती गरी. पुतण्याची इतक्या हजारांची काठी त्यांनी काठावरच माडाला टेकवून ठेवली होती.

तासाभराने ते आले. बैठकीमागच्या टोपलीत एक बेताचा चोणक होता, दीडेक किलोचा. होडीवरून उतरून त्यांनी त्या भोकांत एकदा बोट घालून पाहिले.

"बरी असा," ते म्हणाले. "पण बसाक पाट व्हयो."